शिवणखोलीतील स्पर्धा : ‘प्रोजेक्ट रनवे’ आणि तिची २०१९ मधील नवी मांडणी

‘प्रोजेक्ट रनवे’ ही वेशरचनेची स्पर्धामालिका १ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेतील ब्राव्हो या केबल वाहिनीवर सुरू झाली, पुढे वाहिनी, निर्माते, सूत्रसंचालक आणि मध्यंतरी शहरही बदलून टिकून राहिली, आणि १४ मार्च २०१९ रोजी सतराव्या पर्वाच्या निमित्ताने तिची जी नवी मांडणी लोकांपुढे आली, तिचे स्वागत जुन्या चाहत्यांनी आस्थेने आणि काहीशा धास्तीनेही केले. ही धास्ती समजून घ्यायची तर मालिकेचा इतिहास आणि न्यूयॉर्कच्या ज्या कापडपेठेत ती वाढली त्या पेठेचा इतिहास एकत्र पाहावा लागतो. रनवे, म्हणजे ज्याला आपल्याकडे रॅम्प म्हणतात ती मॉडेलांच्या चालण्याची पट्टी, मालिकेच्या नावात असली तरी मालिकेचे खरे सामर्थ्य रॅम्पमागच्या शिवणखोलीत होते. कपडा बेतताना, कापताना, टाचताना, उसवताना आणि पुन्हा शिवताना माणसाची बुद्धी कशी चालते हे या मालिकेने लक्षावधी प्रेक्षकांना दाखवले, आणि तेही अशा काळात की जेव्हा हे काम त्या शहरातून झपाट्याने हद्दपार होत होते.

फॅशन त्याआधी दूरचित्रवाणीवर नव्हती असे नाही. सीएनएन वाहिनीवर एल्सा क्लेन्श यांचा ‘स्टाइल’ हा कार्यक्रम १९८० पासून २००१ पर्यंत चालला, टोरोंटोहून जीन बेकर यांचे ‘फॅशन टेलिव्हिजन’ १९८५ मध्ये सुरू झाले आणि १९८९ मध्ये एमटीव्हीने सिंडी क्रॉफर्ड यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘हाउस ऑफ स्टाइल’ आणले. या सर्व कार्यक्रमांत प्रेक्षकाला तयार कपडा दिसे, तो घालून चालणारी मॉडेल दिसे आणि प्रदर्शनानंतर मुलाखत देणारा डिझायनर दिसे. मुंढा कसा बसवला, चुण्या कमरेशी का थांबवल्या, कापड उरेब का धरले, म्हणजे ताण्याबाण्याला तिरपे करून का कापले, हे प्रश्न त्या पडद्यावर कधी आलेच नाहीत. कपडा म्हणजे एका प्रतिभावंताच्या मनातून थेट रॅम्पवर उतरणारी वस्तू, अशी समजूत त्यातून पक्की झाली, आणि शिवणारे हात त्या समजुतीत कुठेच नव्हते.

हे हात ज्या वस्तीत राबत होते ती वस्ती म्हणजे मॅनहॅटनच्या मध्यभागातील गारमेंट डिस्ट्रिक्ट, ज्याचा मुख्य कणा सातवा अॅव्हेन्यू हा रस्ता. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि दक्षिण इटलीतून आलेले कारागीर यांच्या श्रमावर येथे तयार कपड्यांचा प्रचंड उद्योग उभा राहिला. त्या उद्योगाला स्वतःची अशी प्रतिष्ठा मात्र नव्हती, कारण अमेरिकी कारखानदार पॅरिसच्या नकला करण्यात धन्यता मानत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिस व्यापल्यावर तेथील नमुने मिळेनासे झाले, आणि ही संधी साधून एलेनॉर लॅम्बर्ट या प्रसिद्धिकार बाईंनी १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या डिझायनरांची कामे वार्ताहरांना एकत्रित दाखवणारा ‘प्रेस वीक’ सुरू केला. अमेरिकी डिझायनरांची संघटना, म्हणजे कौन्सिल ऑफ फॅशन डिझायनर्स ऑफ अमेरिका, १९६२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. पुढे प्रदर्शने शहरभर विखुरली आणि जागा मिळेल तिथे होऊ लागली, त्याचा परिणाम १९९१ मध्ये दिसला. डिझायनर मायकल कॉर्स यांचे प्रदर्शन चालू असताना छताचे प्लास्टर मॉडेलांच्या अंगावर कोसळले, आणि त्यानंतर संघटनेच्या तत्कालीन संचालिका फर्न मॅलिस यांनी १९९३ पासून ब्रायंट पार्क या उद्यानात तंबू ठोकून सर्व प्रदर्शने एका ठिकाणी आणली. २००१ मध्ये हा सोहळा आयएमजी या कंपनीकडे गेला, आणि याच कंपनीने पुढे मुंबईतील लॅक्मे फॅशन वीकच्या आयोजनात भागीदारी केली, हा दुवा मराठी वाचकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

प्रदर्शने अशी झळाळत असताना कारखाने मात्र रिकामे होत होते. शिवणकाम आधी दक्षिणेतील राज्यांत, मग आशिया आणि लॅटिन अमेरिकेत गेले, आणि मॅनहॅटनमधील त्या इमारतींत कार्यालये थाटण्यात मालकांना अधिक पैसा दिसू लागला. हे रोखण्यासाठी नगरपालिकेने १९८७ मध्ये नियोजनाचा खास नियम केला, ज्यानुसार या भागातील कारखान्याची जागा कार्यालयाकडे वळवायची तर तेवढीच जागा उत्पादनासाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. पण नियमाने जागा राखता येते, धंदा राखता येत नाही. या वस्तीचे खरे स्मारक सातव्या अॅव्हेन्यूवर चाळिसाव्या रस्त्याच्या अलीकडे आहे. जुडिथ वेलर या शिल्पकार बाईंनी १९८४ मध्ये घडवलेल्या या ब्राँझच्या शिल्पात डोक्यावर ज्यू टोपी घातलेला एक कारागीर शिवणयंत्रावर वाकून बसला आहे.  वेलर यांनी त्यासाठी आपल्या वडिलांचे रूप डोळ्यांपुढे ठेवले होते. पार्सन्स या कलाशिक्षण संस्थेचा वेशरचना विभाग तेव्हा याच रस्त्यावर ५६० क्रमांकाच्या इमारतीत होता, आणि ‘प्रोजेक्ट रनवे’ची शिवणखोली याच इमारतीत थाटली गेली. म्हणजे शिल्पातला कारागीर आणि स्पर्धेतले डिझायनर हे शब्दशः शेजारी होते.

मालिकेचा जन्म मिरामॅक्स या चित्रपटसंस्थेच्या परिघात झाला. तिच्या ‘प्रोजेक्ट ग्रीनलाइट’ या २००१ च्या मालिकेत नवख्या दिग्दर्शकाला चित्रपट करण्याची संधी देऊन त्याची धडपड टिपली होती. तोच साचा फॅशनला लावण्याच्या विचारातून ईलाय होल्झमन यांनी नव्या मालिकेची मांडणी केली आणि मॅजिकल एल्व्हज ही निर्मितिसंस्था, म्हणजे डॅन कटफोर्थ आणि जेन लिप्सिट्झ, यांनी ती घडवली. सूत्रसंचालनासाठी जर्मन मॉडेल हायडी क्लूम, परीक्षक म्हणून मायकल कॉर्स आणि ‘एल’ मासिकाच्या फॅशन संचालिका नीना गार्सिया, आणि स्पर्धकांचे मार्गदर्शक म्हणून पार्सन्समधील वेशरचना विभागाचे प्रमुख टिम गन, अशी चौकडी ठरली. आरंभी प्रेक्षक तुरळक होते. नाताळच्या सुट्टीत वाहिनीने भाग पुन्हा पुन्हा दाखवले तेव्हा लोकांना गोडी लागली, आणि पहिले पर्व संपेपर्यंत ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नव्हता तेही शिवणीच्या सफाईवर मत देऊ लागले.

स्पर्धेची रीत सांगायला सोपी आणि निभवायला फार कठीण होती. दर भागात एक विषय मिळे, त्यावर कच्चे चित्र काढायला थोडा वेळ दिला जाई, मग ठरावीक रक्कम हाती देऊन स्पर्धकांना सदतिसाव्या रस्त्यावरील मूड फॅब्रिक्स या कापडाच्या दुकानात सोडले जाई, जिथे अर्ध्या तासाच्या आसपास कापड, अस्तर, चेन, बटणे सगळे निवडून मोजून घ्यावे लागे. त्यानंतर एक-दोन दिवसांत कपडा उभा करायचा. यातल्या पायऱ्या शिंपीकाम जाणणाऱ्यांना नव्या नाहीत, परंतु पाश्चात्त्य वेशरचनेतील एक भेद येथे समजून घ्यायला हवा. काही स्पर्धक मापे घेऊन कागदावर नमुना आखत आणि त्याबरहुकूम कापड कापत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत आधी बेतून घेत. तर काही स्पर्धक कापड थेट कमरेपर्यंतच्या पुतळ्यावर टाकून, टाचण्यांनी खोचून, पडेल तशी घडी शोधत, आणि या दुसऱ्या रीतीला ड्रेपिंग म्हणतात. पहिल्या रीतीचा कपडा नेटका बसे, दुसऱ्या रीतीचा कपडा वाहता राही, आणि कोणाचा पिंड कोणता हे प्रेक्षकाला दोन-तीन भागांत ओळखू येई. वेळ संपत आला की हातशिलाईऐवजी गोंद, चेनऐवजी टाचण्या आणि खालच्या दुमडीऐवजी नुसती कातर, असे आडमार्ग घेतले जात. मॉडेल पाठमोरी झाली की ते कॅमेऱ्यात आणि कॉर्स यांच्या नजरेत हमखास सापडत.

पहिल्या पर्वाचा पहिलाच विषय या मालिकेच्या स्वभावाचे उत्तम प्रमाण आहे. बारा स्पर्धकांना कापडाच्या दुकानाऐवजी ग्रिस्टीडीझ या किराणा दुकानात नेण्यात आले आणि पन्नास डॉलरांत तिथे मिळेल त्या मालातून पोशाख करायला सांगितले. दुकानात कापड नाही म्हटल्यावर ज्यांनी कापडाला जवळची वस्तू शोधली त्यांची कल्पनाशक्ती तिथेच अडली. ऑस्टिन स्कार्लेट या स्पर्धकाने मक्याची कणसे घेतली, ती सोलून त्यांची पाने वेगळी केली आणि एकावर एक बसवत त्यांचा घेरदार झगा रचला. कणसाचे पान लांबीत चिवट असते पण रुंदीत चटकन फाटते, ओले असताना हवे तसे वळते आणि वाळले की आकसते, रंगही हिरव्याचा पिवळट करते. म्हणजे या द्रव्यात शिवण कोणत्या दिशेने घालायची, किती पाने एकमेकांवर चढवायची आणि रात्रभरात ती किती आकसतील याचा अदमास घेतल्याशिवाय झगा सकाळपर्यंत टिकला नसता. तो टिकला, रॅम्पवर चालला आणि जिंकला. सामान्य प्रेक्षकाला या एका उदाहरणातून जे कळले ते फॅशनच्या शंभर मुलाखतींतून कळले नसते : वेशरचना म्हणजे आधी द्रव्याची पारख आणि मग रूपाची कल्पना. पुढे चौथ्या पर्वात चॉकलेटच्या दुकानातील वेष्टने, पाचव्यात मोटारीचे सुटे भाग, सातव्यात हार्डवेअरचा माल असे विषय येत राहिले, आणि असा भाग म्हणजे चाहत्यांसाठी दरवर्षीचा सणच ठरला.

टिम गन यांचे स्थान या रचनेत एकमेव होते. ते परीक्षक नव्हते, कोणाला बाद करण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि नेमक्या याच कारणाने स्पर्धक त्यांच्यापुढे मोकळे होत. दिवसातून एकदा शिवणखोलीत येऊन ते प्रत्येक पुतळ्यापाशी उभे राहत, एक हात हनुवटीला लावून पाहत आणि मग प्रश्न विचारत. हा गळा असाच हवा आहे का, ही झालर काय सांगते, तुमच्याकडे किती तास उरले आहेत, अशा प्रश्नांतून स्पर्धकाला स्वतःच्या कामाकडे परक्याच्या नजरेने पाहायला लावणे ही शिक्षकाची जुनी रीत होती, आणि ती त्यांनी पार्सन्सच्या वर्गातून जशीच्या तशी उचलली होती. निघताना त्यांच्या तोंडी येणारे ‘मेक इट वर्क’ हे तीन शब्द अमेरिकेत घरोघरी पोहोचले. मालिकेला २००७ सालच्या कामासाठी पीबडी हा प्रसारणक्षेत्रातील मानाचा पुरस्कार मिळाला, त्यात या अध्यापनाचा वाटा मोठा आहे असे मानायला जागा आहे, कारण रिॲलिटी शो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात, म्हणजे संहितेविना खऱ्या माणसांना स्पर्धेत उतरवून त्यांचे वागणे टिपण्याच्या प्रकारात, शिकवण्याची क्रिया इतक्या सभ्यपणे क्वचितच दिसली होती.

अंतिम फेरीची रीतही वेगळी होती. शेवटच्या तिघांना सुरुवातीच्या पर्वांत आठ हजार डॉलर देऊन काही महिन्यांसाठी घरी पाठवले जाई, तिथे त्यांनी स्वतःच्या मनाने बारा पोशाखांचा संग्रह करायचा आणि तो ब्रायंट पार्कच्या तंबूत खऱ्याखुऱ्या फॅशन वीकमध्ये सादर करायचा. प्रदर्शनाच्या वेळी मालिकेचे काही भाग प्रसारित व्हायचे बाकी असत, त्यामुळे निकाल फुटू नये म्हणून आधीच बाद झालेल्या एखाद्या स्पर्धकाचा संग्रहही तिथे दाखवला जाई. पहिल्या पर्वाचे विजेते जे मॅकॅरोल यांनी करारातील अटी न पटल्यामुळे एक लाख डॉलरचे बक्षीस नाकारले. विजयानंतर डिझायनराला स्वतःच्या नावावर किती हक्क उरतो, हा प्रश्न त्या नकाराने पहिल्याच वर्षी ऐरणीवर आणला.

चौथ्या पर्वात, २००७-०८ मध्ये, क्रिस्टियन सिरिआनो हा मेरीलँड राज्यातील तरुण आला. लंडनमध्ये शिकलेला आणि तिथे व्हिव्हियन वेस्टवुड व अलेक्झांडर मॅक्वीन यांच्याकडे उमेदवारी केलेला हा मुलगा बोलण्यात चटपटीत होता, पण चाहत्यांच्या लक्षात राहिला तो त्याच्या हाताचा वेग. इतर स्पर्धक कापडावर खडू फिरवत असताना त्याचा कपडा पुतळ्यावर आकार घेऊ लागे. झालरींचे थरावर थर, ताठ उंच कॉलर, अंगाला घट्ट बसणारी विजार हे त्याचे घटक होते, आणि एवढ्या अतिरेकातही शिवण कुठे ढिली पडत नसे. वयाच्या बाविसाव्या वर्षी तो जिंकला, त्या वेळेपर्यंतचा सर्वांत लहान विजेता ठरला, आणि २००८ मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली. मालिकेतून आलेल्या डिझायनरांना प्रस्थापित फॅशनजगत सहजी दारात उभे करत नव्हते, त्या काळात सिरिआनो यांनी वेगळी वाट धरली : ज्या स्त्रियांना मोठ्या पेढ्या कपडे देत नव्हत्या त्यांना त्यांनी कपडे दिले. २०१६ मध्ये अभिनेत्री लेस्ली जोन्स यांनी आपल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळासाठी कोणी डिझायनर पोशाख करायला तयार नाही असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा तो सिरिआनो यांनी केला. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिशेल ओबामा त्यांच्या निळ्या पोशाखात बोलल्या. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्कर सोहळ्यात अभिनेते बिली पोर्टर यांनी वर टक्सीडो आणि खाली मखमली घेर असा जो पोशाख घातला तोही त्यांचाच. नवे पर्व त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सुरू झाले.

मधला काळ मालिकेसाठी ओढाताणीचा होता. एप्रिल २००८ मध्ये मिरामॅक्सचे संस्थापक हार्वी आणि बॉब वाइनस्टीन या बंधूंच्या नव्या कंपनीने मालिका लाइफटाइम या वाहिनीला देण्याचे ठरवल्यावर ब्राव्होची मालक असलेली एनबीसी युनिव्हर्सल न्यायालयात गेली, आणि वर्षभर चाललेल्या या वादामुळे सहावे पर्व चित्रित होऊन पडून राहिले. फेब्रुवारी २००९ मध्ये त्या पर्वाचे अंतिम संग्रह ब्रायंट पार्कमध्ये डिझायनरांची नावे न सांगता दाखवावे लागले. ऑगस्टमध्ये ते पर्व लाइफटाइमवर आले तेव्हा शिवणखोली लॉस एंजेलिसला हलली होती आणि नेहमीचे परीक्षक अनेकदा गैरहजर होते. चाहत्यांनी ते पर्व फिके ठरवले, आणि ते योग्यच होते, कारण कापडपेठेपासून तुटल्यावर मालिकेचा कस उतरला. पुढच्याच पर्वाला ती न्यूयॉर्कला परतली. २०१० मध्ये भागाची लांबी दीड तासांवर गेली, आणि या वाढीव वेळेचा बराच भाग रुसव्याफुगव्यांनी व्यापला.

तरीही लाइफटाइमच्या काळात काही क्षण असे आले की मालिकेचे मोल त्यांवरून ठरावे. आठव्या पर्वात स्पर्धकांना स्वतःचे छापील कापड तयार करायचे होते, आणि त्यात आपल्या आयुष्याचा अंश असावा अशी अपेक्षा होती. माँडो गेरा या डेन्व्हरच्या डिझायनराने अधिकचिन्हांचा ठळक नमुना काढला आणि त्याची विजार शिवली. परीक्षकांना कापड आवडले, पण चिन्हाचा अर्थ विचारल्यावर तो प्रथम गप्प राहिला आणि मग आपल्याला दहा वर्षांपासून एचआयव्हीचा संसर्ग आहे, हे चिन्ह त्याचे आहे, असे त्याने रॅम्पवर उभे राहून सांगितले. छापील कापडाचा नमुना म्हणजे केवळ सजावट, असे मानणाऱ्या प्रेक्षकाला हा भाग विसरता येणार नाही. त्या पर्वाचे विजेतेपद त्याला मिळाले नाही, आणि हा निकाल चाहत्यांना आजही सलतो.

शरीराच्या मापांचा प्रश्नही याच काळात पुढे आला. फॅशनच्या धंद्यात नमुना शिवला जातो तो उंच आणि अतिशय सडपातळ मॉडेलच्या मापावर, आणि मोठी मापे त्यातून केवळ गुणाकाराने काढली जातात. मुंढा, छाती आणि कंबर यांची प्रमाणे मात्र अशा गुणाकाराने बरोबर येत नाहीत, त्यासाठी नव्याने बेतावे लागते. चौदाव्या पर्वात, २०१५ मध्ये, ॲशली नेल टिप्टन यांनी मोठ्या मापाच्या स्त्रियांसाठी संपूर्ण संग्रह करून विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी टिम गन यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहून अमेरिकी डिझायनर बहुसंख्य स्त्रियांकडे पाठ फिरवतात याबद्दल त्यांना खडे बोल सुनावले, आणि २०१७ च्या सोळाव्या पर्वात शून्यापासून बावीसपर्यंतच्या मापांच्या मॉडेल रॅम्पवर आल्या. हा बदल दिसायला उदार होता, पण त्याचे महत्त्व तांत्रिक अधिक होते, कारण आता स्पर्धकाला दर वेळी वेगळ्या देहासाठी बेतणे भाग पडले आणि एकाच मापावर हात बसलेल्यांची कसोटी लागली.

ऑक्टोबर २०१७ मध्ये हार्वी वाइनस्टीन यांच्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आली आणि मार्च २०१८ मध्ये त्यांच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मालिका पुन्हा ब्राव्होकडे आली, परंतु सप्टेंबरमध्ये क्लूम आणि गन यांनी ॲमेझॉनसाठी नवी स्पर्धा करण्याचे ठरवून निरोप घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने गारमेंट डिस्ट्रिक्टमधील १९८७ चा तो नियम उठवला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण पेठेचे उरलेसुरले कवच गेले त्याच हिवाळ्यात पेठेचे पडद्यावरचे रूप नव्याने घडत होते, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

नव्या मांडणीत सूत्रसंचालन मॉडेल कार्ली क्लॉस यांच्याकडे आले, परीक्षकांत नीना गार्सिया कायम राहिल्या आणि त्यांच्या जोडीला डिझायनर ब्रँडन मॅक्सवेल व ‘टीन व्होग’च्या माजी संपादक एलेन वेल्टरॉथ आल्या, बक्षिसाची रक्कम अडीच लाख डॉलर झाली. या सर्वांहून महत्त्वाची निवड मार्गदर्शकाची होती. गन यांच्या जागी सिरिआनो येणार हे कळल्यावर अनेक चाहत्यांना वाटले की विद्यार्थ्याला गुरूच्या खुर्चीत बसवणे घाईचे आहे, आणि विशेषतः ज्याचा स्वभाव बाविसाव्या वर्षी इतका उतावळा होता त्याला इतरांच्या अडचणी ऐकून घेण्याचा धीर असेल का, ही शंका रास्त होती. पहिल्या काही भागांतच ती फिटली. सिरिआनो शिवणखोलीत आले की थेट कापडाला हात लावत, शिवण उलटून पाहत आणि अडचण कुठे आहे ते कारागिराच्या भाषेत सांगत. हे कापड इतक्या वजनाचा घेर पेलणार नाही, इथे अस्तर दिले नाही तर शिवण ओढली जाईल, एवढ्या वेळात बाह्या होणार नाहीत तेव्हा त्या सोडून द्या, अशा सूचनांमागे दहा वर्षे स्वतःची पेढी चालवल्याचा अनुभव होता. गन प्रश्न विचारून विचार करायला लावत, तर सिरिआनो उपाय हाती देत. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने गन यांची रीत श्रेष्ठ ठरेल, कारण तीत स्पर्धकाची वाट त्याचीच राहते. मात्र शिवणखोलीच्या दृष्टीने सिरिआनो यांच्या येण्याने अशी एक गोष्ट घडली जी गन यांना करता आली नसती. घड्याळाकडे पाहत त्याच दडपणाखाली शिवलेला माणूस आता पुतळ्यापाशी उभा होता, म्हणजे उस्तादाकडून उमेदवाराकडे कसब जाण्याची जी परंपरा जुन्या पेठेत होती तिचा एक धागा मालिकेच्या पोटातच जन्माला आला.

स्पर्धकांची निवडही याला साजेशी होती. अंतिम तिघांत कोलंबियात जन्मलेले सेबॅस्टियन ग्रे, रंगांची उधळण करणाऱ्या हेस्टर सनशाइन आणि न्यूयॉर्कमध्ये कोर्सेट, म्हणजे ताठ काड्या घालून कंबर बांधणारी घट्ट अंतर्वस्त्रे, शिवण्यात मुरलेले गारो स्पारो होते. ग्रे यांच्या शिवणीची सफाई पर्वाच्या सुरुवातीपासून डोळ्यांत भरत होती. पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेले त्यांचे कपडे लांबून साधे दिसत आणि जवळ गेल्यावर त्यांतील मेहनत कळे; अशा कामाला विजेतेपद मिळाले म्हणजे परीक्षकांनी जवळून पाहिले होते असाच त्याचा अर्थ. चौथ्या क्रमांकावर थांबलेले बाल्टिमोरचे बिश्मे क्रोमार्टी हे स्वतःच शिवण शिकलेले डिझायनर होते. २०२३ मध्ये जुन्या स्पर्धकांच्या विसाव्या पर्वात ते परतले आणि जिंकले.

या मांडणीचे मोल त्याच सुमारास आलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी तुलना केल्यावर अधिक उमजते. क्लूम आणि गन यांची ‘मेकिंग द कट’ ही ॲमेझॉनवरील मालिका २७ मार्च २०२० रोजी सुरू झाली. तिचे बक्षीस दहा लाख डॉलरचे होते, चित्रीकरण पॅरिस आणि टोकियोतही झाले, आणि दर भागातील विजेता पोशाख लगेच ॲमेझॉनवर विकायला ठेवला जाई. तिच्यात एक नियम असा होता की स्पर्धकांनी संध्याकाळी सूचना लिहून ठेवाव्यात आणि शिवणकारणींनी रात्रीत त्यांचे काम पुढे न्यावे. धंद्याच्या दृष्टीने हे खरेच आहे, कारण मोठ्या पेढीचा प्रमुख स्वतः यंत्रावर बसत नाही. पण सकाळी खोलीत आलेल्या डिझायनराला कपडा तयार मिळाला की रात्री काय घडले हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि ज्यांनी ते घडवले त्यांची नावेही बहुतेक वेळा कळत नाहीत. फॅशनच्या जुन्या कार्यक्रमांतील जी उणीव ‘प्रोजेक्ट रनवे’ने २००४ मध्ये भरून काढली होती, ती येथे मागच्या दाराने परत आली. ब्राव्होच्या सतराव्या पर्वात मात्र उसवणे आणि पुन्हा शिवणे हे स्पर्धकाच्याच हातून, कॅमेऱ्यापुढे, घड्याळ चालू असताना होत राहिले. दिखाऊ भव्यतेत ते पर्व ॲमेझॉनपुढे कमी पडले, तरी जाणत्या चाहत्यांनी त्याला अधिक माया लावली ती याचसाठी.

२०२० च्या वसंतात कोविडच्या साथीमुळे न्यूयॉर्क बंद पडले तेव्हा सिरिआनो यांनी आपल्या शिवणकारांना मुखपट्ट्या शिवण्याच्या कामाला लावले, आणि शहरात अजून शिवणारे हात शिल्लक असल्याची आठवण राज्यकर्त्यांना त्या निमित्ताने झाली. एकोणिसावे आणि विसावे पर्व क्लॉस यांच्या सूत्रसंचालनाशिवायच पार पडले आणि मार्गदर्शक हाच मालिकेचा चेहरा झाला. ३१ जुलै २०२५ रोजी एकविसावे पर्व डिस्नीच्या मालकीच्या फ्रीफॉर्म वाहिनीवर सुरू झाले, तेव्हा क्लूम परतल्या, गार्सिया पुन्हा परीक्षकांच्या आसनावर बसल्या, त्यांच्या शेजारी वेशयोजनाकार लॉ रोच आले आणि मार्गदर्शकपद सिरिआनो यांच्याकडेच राहिले. गन मात्र परतले नाहीत. त्या पर्वात स्पर्धकांमधील कलहाला मिळालेली जागा जुन्या चाहत्यांना खटकली, आणि कणसाच्या पानांचा झगा किंवा अधिकचिन्हांची विजार ज्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाही त्यांना ती खटकणारच, कारण प्रत्येक भांडणामागे शिवणखोलीतील काही मिनिटे पडद्यावरून वजा होतात आणि तेवढ्या मिनिटांत एक मुंढा बसवून दाखवता आला असता.